नळ नसलेली खोली

मामांना सगळी गल्ली मामा म्हणते आणि त्यांच्या बायकोला मामी. सख्खा भाचा दोघांनाही नाही; पण चाळीस वर्षं गल्लीतले नळ दुरुस्त केल्यावर माणूस सगळ्यांचा मामा होतोच. प्लंबरच्या कामातून ते निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. म्हणजे दुकान बंद झालं; कान काही निवृत्त झाले नाहीत. कीर्तन ऐकणाऱ्याला लांबून टाळ ऐकू आले की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात, तसं मामांचं. तीन घरं पलीकडे थेंब पडला तरी हे जेवणाच्या ताटावरून उठणार.

लग्न ठरलं तेव्हा मामांनी मामींना एकच शब्द दिला होता. "तुला समुद्रावर नेऊन सूर्यास्त दाखवीन." तो त्यांनी पाळलाही, अर्धा. लग्नानंतर महिन्याभरात दोघं समुद्रकाठच्या एका गावी गेली, तीन दिवस राहिली. तिन्ही संध्याकाळी सूर्य वेळेवर मावळला. मामी वाळूत बसलेल्या आणि मामा लॉजच्या गच्चीवरच्या टाकीत, कमरेपर्यंत. निघताना लॉजच्या मालकाने मामांना कडकडून मिठी मारली आणि मामींना विचारलं, "आपण कोण?"

ही गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची. मामी ती कुणाला म्हणून सांगत नाहीत. फक्त पाहुणे आले की सांगतात.

यंदा मुलीने हट्टाने दोघांचं चार दिवस बेटावर जायचं ठरवलं. फोनवर एकेक हॉटेल दाखवू लागली. "बाबा, ही बघा, पलंगावरून समुद्र दिसतो. आणि इथे तर झोपाळा आहे."

"नळ कुठाय?"

"नळाचा फोटो कोण टाकतं बाबा?"

"तेच म्हणतोय मी. लपवलाय. आणि टाकला तरी फोटोत गळताना थोडाच दिसतो? खोली कशी, हाताने चाचपून घ्यायची असते. आधी ठरवायचं नाही. तिथे जाऊन बघू."

मुलीने कपाळावर हात मारला. मामी मात्र शांतपणे म्हणाल्या, "चालेल. पण माझी एक अट. पहिल्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत खोली ठरलेली पाहिजे. आणि तो पुरता बुडेपर्यंत तुम्ही माझ्या शेजारी वाळूत बसायचं. दोन्ही हात रिकामे. याही खेपेला जमलं नाही, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकून मामा जागचे उठले. भांडणारी बायको त्यांच्या सवयीची होती. मागणंच सोडून देणारी बायको त्यांना झेपणारी नव्हती. देवापुढे उभं राहून त्यांनी अट कबूल केली. मामींनी तरी निघताना त्यांची बॅग उपसलीच. दाढीच्या डब्यातून नट आवळायचे दोन पाने निघाले, औषधांच्या डबीतून अकरा वॉशर.

"हे काय?"

"रक्तदाबाचे," मामा म्हणाले.

होडी बेटाला लागली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. धक्क्यावर एकच रिक्षा उभी. रिक्षावाला बोलघेवडा निघाला. "काका, बेटावर राहायच्या जागा बावीस. तुम्ही सांगाल ती दाखवतो. काय हवंय? शांतता? स्वच्छ किनारा?"

"पाण्याचा दाब," मामा म्हणाले.

पहिलं हॉटेल उत्तरेकडच्या किनाऱ्यावर होतं. पांढरेशुभ्र पडदे, उशीवर फूल. मामी गॅलरीत गेल्या, समोर निळंशार पाणी बघून त्यांच्या तोंडून "देवा रे" एवढंच निघालं. त्या आत येऊन "हीच घेऊ" म्हणणार तोवर मामा बाथरूममध्ये उकिडवे बसलेले, कान फ्लशच्या टाकीला लावून.

"ऐक. झिरपतंय."

"मला नाही ऐकू येत."

"तुला कसं येईल? आत जीव तुटतोय तिचा."

मॅनेजरही आत येऊन ऐकू लागला. मामांनी झाकण उचललं, आतल्या तरंगत्या फुग्याची दांडी दोन बोटांनी जराशी वाकवली, आणि झिरपणं थांबलं. मॅनेजरचा चेहरा असा उजळला की जणू घरचं कुणी आजारातून उठलं. "काका, वर अजून चौदा खोल्या आहेत..."

मामींनी घड्याळ बघितलं आणि मामांना दंडाला धरून बाहेर काढलं.

दुसरी जागा म्हणजे एका निवृत्त शिक्षिकेचा बंगला. मागे अंगण, अंगणाला लागून वाळू. शिक्षिकाबाई आदबशीर, पाणी आणून दिलं, खोली उघडून दाखवली. मामांनी नळ सुरू केला, बंद केला. भिंतीतून धाडकन आवाज आला.

"हा आवाज किती दिवसांचा?"

"अकरा वर्षांचा," बाई म्हणाल्या. "आमचे हे घाबरून वेगळ्या खोलीत झोपतात."

त्यावर मामांनी जो सुस्कारा सोडला, तो मामींच्या चांगल्याच ओळखीचा. पुढचा पाऊण तास त्या अंगणात शिक्षिकाबाईंच्या यजमानांशी बोलत बसल्या. यजमान सारखे म्हणत होते, "भाग्यवान आहात हो." मामींनी मनात म्हटलं, या भाग्यातला निम्मा वाटा तुम्ही घ्या.

मामा ओल्या बाह्या खाली घेत बाहेर आले. "झालं. पण खोली नको. पाइप जुने आहेत, पुन्हा वाजतील." बाईंचा चेहरा पडला. सूर्य मात्र माडांच्या शेंड्यांवरून बराच खाली आला होता.

तिसऱ्या जागी पोचले तर दारात मालक, मालकीण आणि सासूबाई अशी रांग उभी. आत स्टूल मांडलेलं, त्यावर बॅटरी, शेजारी घडी घातलेला जुना टॉवेल. "या या, काका! तुमचीच वाट बघत होतो. आधी मोटर बघता की गीझर?"

मामींनी रिक्षावाल्याकडे बघितलं. रिक्षावाल्याने आकाशाकडे बघितलं.

"तुम्ही सांगितलंत ना यांना?"

"फोन आला काकू, आता खोटं कसं बोलू? बेट लहान आहे. आमचा प्लंबर मागच्या पावसाळ्यात लग्न करून पलीकडच्या काठाला गेला. तुम्ही होडीतून उतरलात आणि काकांनी 'दाब' म्हटलं, तेव्हाच माझे डोळे भरून आले."

सासूबाई तेवढ्यात मामांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चारही दिवस आमच्याकडेच राहा. घरचं माणूस समजू." मामा विरघळले. "अगं, बघ किती प्रेमळ माणसं! आणि समुद्रही आहेच की, हा काय मागे."

स्टुलावरचा टॉवेल मामींनी उचलला, नीट झटकला आणि पुन्हा घडी घालून ठेवला. त्यांना लॉजची ती गच्ची आठवली. मग त्या रिक्षात जाऊन बसल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "या बेटावर नळ नसलेली खोली आहे का?"

"नळ नसलेली?"

"नळ नाही, टाकी नाही, मोटर नाही. एकसुद्धा नाही."

रिक्षावाल्याने कान खाजवला. "एक आहे. जाळी विणणाऱ्या आजींची झोपडी. पण तिथे कुणी राहत नाही काकू. विहिरीचं पाणी काढावं लागतं."

"चला."

मामा स्टूल, बॅटरी आणि सासूबाई यांच्यामध्ये अडकून उभे होते. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. चौतीस वर्षांत मामींनी त्यांना असं मागे कधीच सोडलं नव्हतं. "आलो, आलो!" म्हणत ते धावले आणि चालत्या रिक्षात अर्धे आत, अर्धे बाहेर असे बसले.

झोपडी बेटाच्या टोकाला होती. दोन खाटा, एक खुंटी, मातीचा माठ. दारापासून पंधरा पावलांवर समुद्र. आजी ओट्यावर जाळं पसरून बसल्या होत्या. बोटं चालवता चालवता काहीतरी देवाचं गुणगुणत होत्या. पाहुणे आले म्हणून त्यांनी कडवं अर्धवट तोडलं नाही. ते संपवून मग म्हणाल्या, "राहा. बादली तिकडे, दोर तिकडे. काही कमी पडलं तर नाहीये असं समजा."

मामी पाय धुवायला पाणी काढू लागल्या. दोर ओढला आणि विहिरीवरची कप्पी किंचाळली. कुर्र्र, कुर्र्र.

मामांचा चेहरा बदलला. उजवा हात आपोआप खाली गेला, डाव्या मोज्यात शिरला आणि एक छोटा पाना घेऊन वर आला.

मामींनी तो बघितला. समुद्राकडेही बघितलं, सूर्य पाण्यापासून वीतभर राहिला होता. त्यांनी बादली खाली ठेवली आणि एकट्याच वाळूकडे चालू लागल्या. रागवल्या नाहीत, पाय आपटले नाहीत. नुसत्या चालत गेल्या.

मामा कप्पी आणि ती पाठ यांच्यामध्ये उभे. दोन मिनिटांचं काम होतं. दोन मिनिटांचंच असतं नेहमी.

तेवढ्यात वाऱ्याने झोपडीचं दार आपटलं. आजींनी मान वर केली. "त्या दाराला काहीतरी जड लावायला हवंय. रोज आपटतं मेलं."

मामांनी हातातल्या पान्याकडे बघितलं. वाकून त्यांनी तो दाराच्या फटीत अडकवला. दार गप्प झालं.

"बरं बसलं," आजी म्हणाल्या, आणि पुढचं कडवं धरलं.

मामा वाळूत येऊन बसले. मामींनी त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "हात?"

मामांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले.

"दुसरा मोजा?"

त्यातून एक वॉशर निघाला. मामींनी तो घेतला आणि आपल्या करंगळीत घातला. घट्ट बसला.

सूर्य पाण्याला टेकला. आधी लाल झाला, मग तांब्याचा. मामा एकटक बघत होते. लाट यायची, जायची. मग ते हळूच म्हणाले, "अगं, एवढं पाणी. रात्रंदिवस आत-बाहेर, आत-बाहेर. आणि ज्याने बसवलं, त्याला एकदाही दुरुस्तीला यावं लागलं नाही." त्यांनी नकळत हात जोडले. मामींनी ते चालवून घेतलं. जोडलेले हात रिकामेच असतात.

सूर्य बुडाला. मामींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एवढंच हवं होतं हो."

मागे आजी रांधायला पाणी काढत होत्या. कुर्र्र, कुर्र्र. मामांनी ओठ चावला, पण मान वळवली नाही.

सकाळी मामी उठून विहिरीवर गेल्या. दोर ओढला, बादली वर आली. कप्पीने चकार शब्द काढला नाही. आत येऊन बघतात तर त्यांची खोबरेल तेलाची बाटली चार बोटं खाली गेलेली आणि मामा डोक्यावरून पांघरूण घेऊन मोठमोठ्याने घोरत होते. इतक्या मोठ्याने ते खरे झोपलेले असताना कधीच घोरत नाहीत.

मामींनी बाटली पुन्हा जागेवर ठेवली. करार सूर्यास्ताचा होता. सूर्योदयाचं कुणीच काही ठरवलं नव्हतं.