माझ्या चौकटींत माणसं राहतात

मित्रांनो, मी एक जुना फॉर्म आहे. कागदाचा नव्हे, पडद्यावरचा. दवाखान्यात शिरलात की डाव्या हाताला नोंदणीची खिडकी लागते, तिथल्या कॉम्प्युटरमध्ये माझं घर. म्हातारा झालो म्हणून मवाळ झालो, असं मात्र समजू नका. मी रागावलो आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय आज थांबणार नाही.

मला घडवलं डॉक्टरबाईंच्या नणंदेनं. बाळासाठी दुपटं शिवावं तशा मायेनं तिनं माझी एकेक चौकट आखली. नावाची, वयाची, पत्त्याची. आणि सगळ्यांत खाली एक लाल चौकट, ‘न चालणारे औषध’.

"वहिनी, एकही चौकट रिकामी ठेवली तर हा पुढे सरकणार नाही. औषधाचं काही नसेल, तर ‘काही नाही’ असं लिहावंच लागेल."

"भलताच हट्टी केलास गं याला!"

"हट्टीच हवा."

त्या हट्टाचा मला केवढा अभिमान होता!

सुरुवातीला खिडकीशी काकू बसायच्या. कुणी नवीन आलं की त्या ‘नवीन नोंद’ दाबायच्या, आणि मी कोराकरकरीत होऊन समोर उभा. जुनं माणूस आलं तर त्याचं पान उघडून आधी नाव मोठ्यानं वाचायच्या, माणसानं मान डोलावली की मगच बदल. एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई तान्ही लेक घेऊन आल्या. एका इंजेक्शननं त्या लेकराचं अंग निळं पडलं होतं, जीव कसाबसा वाचला होता.

"औषधाचं नाव माझ्या ध्यानात राहायचं नाही हो, काकू."

"तुम्ही कशाला ठेवता? हा ठेवील की!" काकूंनी पडद्यावर थोपटलं. बाईंच्या हातातल्या चिठ्ठीवरून लाल चौकटीत औषधाचं नाव आलं, शेजारी ‘अंग निळं पडलं’ हेही आलं. मी ते जपलं. ऊन गेलं, पाऊस गेला, मी जपलं.

मग काकू लेकाकडे राहायला गेल्या आणि खिडकीशी आले झटपटराव. हे नाव लोकांनी ठेवलेलं, कौतुकानं! त्यांना माझा हट्ट जड जाई. कोरं पान उघडलं की मी प्रत्येक चौकटीपाशी अडून बसायचो. म्हणून त्यांनी युक्ती काढली. फार दिवसांत न आलेल्या कुणाचं तरी भरलेलं पान उघडायचं, नाव, वय, पत्ता खोडायचा, तिथे नव्या माणसाचा लिहायचा, आणि जतन करा! बाकीच्या चौकटी आधीच भरलेल्या, मग मी कशाला अडतो? खिडकीपुढची रांग बघता बघता विरघळायची.

"काय हात चालतो हो तुमचा!" डॉक्टरबाई म्हणायच्या.

हात नव्हे, मित्रांनो, तो नांगर होता! वसलेल्या घरांवरून फिरत होता. आणि मी? माझा हट्ट रिकाम्या चौकटींपुरता. भरल्या घरातून माणूस हाकललं, तरी मला ओरडता येईना.

असंच त्या लेकीचं पान गेलं. तिच्या जागी आले गुडघेदुखीचे टपालवाले आजोबा. लाल चौकट तेवढी तशीच राहिली.

परवा त्या बाई आल्या. लेक आता आईच्या खांद्याला लागली होती, तापानं नुसती फणफणत होती.

"नाव नाही यात. नवीन आहात," झटपटराव म्हणाले.

"नवीन? अहो, ही रांगत नव्हती तेव्हापासून येतो आम्ही! तिला एक इंजेक्शन चालत नाही, लाल चौकटीत लिहिलंय."

"कुठलं?"

"तेच तर तुमच्याकडे लिहून ठेवलंय ना!"

"बाई, कॉम्प्युटर कधी खोटं बोलतो का?"

मी खोटं बोलत नाही हो! मला खोटं बोलायला लावतात!

आणि त्यांनी त्या लेकीला बसवलं आणखी कुणाच्या तरी पानावर. तिथे लाल चौकटीत होतं ‘काही नाही’. आतल्या पडद्यावर डॉक्टरबाईंनी तेच वाचलं. आई काकुळतीला आली, तर म्हणाल्या, "दुसऱ्या कशाचं असेल, इथे तर काही नाही लिहिलंय." त्यांनी नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं.

दाराशी बाकावर टपालवाले आजोबा बसले होते. ते कुरकुरले, "पोरीचं नशीब बघा! आम्हाला मेलं ते कधी देत नाहीत. म्हणे, तुम्हाला चालत नाही. मी ते जन्मात घेतलेलं नाही!"

डॉक्टरबाईंनी नर्सला थांबवलं. त्यांनी आजोबांचं पान उघडलं. "आजोबा, याच इंजेक्शननं तुमचं अंग निळं पडलं होतं?"

"माझं?"

"माझ्या लेकीचं!" आई किंचाळली.

लेकीला दुसरं औषध दिलं. ती वाचली. मग झटपटरावांना आपली युक्ती सांगावीच लागली.

"झालं ना सगळं नीट?" झटपटराव घाम पुसत म्हणाले.

"नीट?" डॉक्टरबाई कडाडल्या. "ज्यांच्या ज्यांच्या पानावर तुम्ही लिहिलंत, त्या सगळ्यांना बोलावून घ्या. आत्ता!"

झटपटराव माझ्यासमोर बसले. एकेक पान उघडत गेले. बोलावणार कुणाला? नावं तर त्यांनीच पुसली होती.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशा खिडकीशी बसाल. नव्या माणसाला नवं पान द्या. जुन्या पानाला हात लावण्याआधी तिथे कोण राहतं ते वाचा. आणि ज्यांना मी हरवून बसलो, ती माणसं अजून याच रस्त्यांवरून हिंडत आहेत. त्यांच्यातलं कुणी दारात आलं, ‘मी इथलाच आहे’ म्हणालं, तर माझ्याकडे बघू नका. त्याच्याकडे बघा.