बुलढाण्याचा नारळ

बुलढाण्याच्या एसटी स्टँडमागे शालूने इकडेतिकडे पाहिलं आणि नारळ दगडावर आपटला. पाणी चपलांवर सांडलं. एक भकल पिशवीत गेलं; दुसरं तिने गाईपुढे टाकलं.

लेकीच्या अंगावरचे फोड बरे व्हावेत म्हणून ती वज्रेश्वरीला नवस बोलली होती. फोड गेले. नवऱ्याला, भगवंतरावांना, मुंबईला सचिवालयात काम निघालं, तशी तीही नवस फेडायला म्हणून सोबत निघाली. मुंबईहून देवीकडे जाताना वाटेत वसई. कॉलेजपासून उशाशी असलेल्या कादंबरीतलं शहर. थोडा वेळ म्हणून ती किल्ल्याच्या समुद्राकडच्या भिंतीवर बसली, आणि उठली तेव्हा देवीकडे जायला वेळ उरला नव्हता.

गावी, धाडला, पोचली तर सासूबाई, सोजराबाई, ओट्यावर नातीच्या मानेला कडुनिंबाचा लेप लावत होत्या. नवा फोड.

"कधी उठला?"

"परवा दुपारी. काऊन?"

परवा दुपारी ती भिंतीवर होती.

"काही नाही."

तिने हात पुढे केले. लेकीने आजीच्या पदरात तोंड खुपसलं.

"रुसली तुह्यावर. दे, पहिले परसाद दे."

सोजराबाईंनी भकल नाकाशी नेलं, खोबऱ्यावरून बोट फिरवलं.

"दोन दिस पिशवीत, अन् अजून ओलंच हाये. भर उन्हाळ्यात."

शालूची नजर लेकीच्या मानेवरून हलेना.

"आत्याबाई, मी गेलेच नाही देवीला. वसईच्या किल्ल्यावरच बसून राहिले. हा फोड त्यामुळेच..."

"घामोळं हाये ते. देवीले काय तेवढाच धंदा हाये?"

नातीला शालूच्या मांडीवर टाकून त्या उठल्या. भकल देव्हाऱ्याशी नेलं नाही, पाट्याशी नेलं.

"चटणी करू याची."

खोबरं काढून त्या पाठमोऱ्या वाटत राहिल्या. लेक रडत होती. शालू तिला थोपटत होती, वर बघत नव्हती.

"दुपारी पोरीले थोपटता थोपटता तू ते वसईचं पुस्तक वाचे," सोजराबाई म्हणाल्या. "तिले काय समजे! मी दाळ निवडत आयकत राहो." वरवंटा थांबला. "ते किल्ल्याची भीत हाये का मंग, खरंच? जिथं ते बाई वाट पाहे?"

"आहे."

"समुद्र दिसते तिथून?"

"सगळा."

सोजराबाईंनी खोबऱ्याचे हात पदराला पुसले.

"पुढच्या खेपेले मलेबी ने. देवळात तू जाय," त्या म्हणाल्या. "मी बसतो भितीवर."