रिकाम्या पिशवीचं वजन

काय हो, विश्वास ठेवावा तरी कुणावर? गोड बोलणाऱ्यावर, की जुन्या ओळखीवर? माझं विचाराल तर जो आपल्या पारड्याला दुसऱ्याचा हात लागू देतो, त्याच्यावर ठेवावा. मी तराजू बोलतोय, तेव्हा एवढं तरी ऐकाल.

कारागिरानं कानशीनं घासून घासून माझा काटा मधोमध आणला आणि मग मी दुकानात धूळ खात लटकलो. येणारा जो तो हळूच विचारायचा, “थोडा झुकता नाही का मिळणार?” एके दिवशी एक बाई आली. तिनं पारड्यांतला माल अदलाबदल करून पुन्हा तोलला आणि म्हणाली, “सरळ आहे. हाच द्या.” तिथंच मी तिचा झालो.

बाईनं वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या किराणा दुकानात पुड्या बांधल्या होत्या. आता स्वतःचं दुकान टाकायला बँकेचं कर्ज काढलेलं. तारण काय, तर सासऱ्यांचं राहतं घर. निवृत्त पोस्टमन माणूस. घर हीच पुंजी. त्यांचा भाऊ म्हणाला, “सुनेच्या नादानं म्हातारपणी रस्त्यावर येशील.” सासरे म्हणाले, “जन्म रस्त्यावरच गेला माझा. सगळे रस्ते पाठ आहेत.” आणि सही ठोकली.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान उघडलं. बाईची एक रीत होती. माल ज्या जाड कागदी पिशवीत भरायचा, तसलीच एक रिकामी पिशवी ती वजनांच्या पारड्यात टाकायची. पिशवीचा भार गिऱ्हाइकाच्या माथी नको! पण गावाला फसायचीच सवय. “नवी बाई वजनात काहीतरी घालते बरं का,” अशी कुजबूज सुटली आणि गिऱ्हाईक आटलं. हप्ता तोंडावर आला. सासरे गल्ल्याशी माश्या मारत बसले.

“सूनबाई, काढ ती पिशवी. चारचौघं तोलतात तसं तोल.”

“मग बाबा, त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?”

“फरक? त्यांचं घर गहाण नाहीये!”

बाईचा हात पिशवीकडे गेलासुद्धा. तेवढ्यात टेलरची बायको दारात. सगळं गाव तिला पंचनामा काकू म्हणायचं. वजनाची ती कुजबूजही तिनंच सोडलेली.

“किलोभर साखर दे. तोलून झाली की ती पारड्यातली चलाखी काढायची हं, माझ्यासमोर!”

बाईनं पिशवीत भरून साखर तोलली, काटा मधोमध आला. मग ती बाजूला सरली. “तुम्हीच काढा, काकू.”

काकूंनी चोर पकडल्यासारखी रिकामी पिशवी उचलली. साखरेचं पारडं खाली गेलं. बाईनं शांतपणे काटा पुन्हा मधोमध येईपर्यंत साखर काढून पोत्यात टाकली.

“अगं अगं, माझी साखर कुठं चालवलीस?”

“तुम्हीच म्हणालात ना, पिशवी काढ? दुसरीकडे एवढ्या साखरेच्या जागी पिशवीच विकतात, काकू.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग पिशवी त्यांनी स्वतःच्या हातानं परत वजनांत आपटली. “ठेव तिथंच! खबरदार काढशील तर!” आणि साखर पुरी करून घेऊन जाताना दारातूनच ओरडल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी त्या मेल्या जुन्या दुकानदाराकडून कागद खात होते!”

काकूंची जीभ ती! संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला हप्ता वेळेवर गेला, पुढचेही गेले. घराची कागदपत्रं सुटून आली त्या दिवशी सासऱ्यांनी मला आपल्या रुमालानं पुसलं. म्हणाले, “मी नुसती सही केली रे. घर राखलं ते हिनं.”

आता काउंटरवर आकडे दाखवणारा काटा आलाय आणि मी भिंतीवर लटकतोय. त्याला म्हणे, रिकामी पिशवी ठेवून शून्य करायचं बटण असतं. हुशार आहे बेटा! पण बटण दाबायला बोट माणसाचंच लागतं. बाई न चुकता दाबते; मी इथून बघत असतो.

तुम्हीही कधी दुकान टाकाल, घरखर्च चालवाल, कुणाचं देणं-घेणं बघाल. एवढंच मागणं आहे, हिशेब सरळ ठेवा. कोणी बघत नसलं तरी रिकामी पिशवी आपल्या बाजूला ठेवा.