थोरल्याचं नाव

बस दोन वाजता सुटणार होती आणि म्हातारी मुलाचं नाव सांगायला तयार नव्हती.

एक्याण्णवच्या जानेवारीत सौदीतल्या हुफूफच्या आमच्या हॉस्पिटलला हुकूम आला, की लढाईतल्या जखमींसाठी खाटा मोकळ्या करा. चालते-फिरते पेशंट लढाईपासून लांब, तायिफला हलवायचे होते. मी रेकॉर्ड क्लार्क. प्रत्येकाच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहिल्याशिवाय मला उठता येत नव्हतं. सायरन झाला की विषारी गॅसच्या भीतीने मास्क चढवायचा, थांबला की उतरवून पुन्हा लिहायला बसायचं.

या म्हातारीचा, आयशातूचा, मुलगा जवळच्या अबकैकच्या एका लेबर कॅम्पात होता. एवढंच ती सांगे. नाव विचारलं की मान खाली. माझं डोकं फिरलं. हजला येऊन इथेच राहिलेला, बिनइकाम्याचा, म्हणजे राहण्याचा परवाना नसलेला असणार, म्हणून लपवते आहे, असं मी ठरवूनच टाकलं. तिकडे रत्नागिरीत माझी बायको रुकय्या रेडिओला कान लावून बसलेली, आणि मी इथे हिच्या नखऱ्यांपायी अडकलेलो. 'नातेवाईक नाही' असं लिहून कागद बाजूला सारला.

सिस्टर रेखाताईंनी तो उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, कॅम्पचा मुकादम कामगारांची जमातवार यादी ठेवतो, ती फॅक्सने मागवा. आम्हां कोकण्यांना हे पटतं. आडनावावरून गाव आणि गावावरून माणूस काढण्यात आमचा हातखंडा. यादी आली. म्हातारीच्या कागदावर जमात 'तक्रूनी', म्हणजे पश्चिम आफ्रिकेकडची, अशी लिहिली होती, आणि यादीत तक्रूनी एकही नव्हता.

"तुम्ही तक्रूनी ना, खाला?" मी अरबीत विचारलं. सुदानात आठ वर्षं काढल्याने तिला ते येत होतं.

"इथले लोक म्हणतात. घरी आम्ही फुल्बे. बाजारातले हौसा आम्हाला फुलानी म्हणायचे. सुदानात फेलाता झालो."

जमातीची चार नावं मिळाली, हवं ते एक मिळेना. यादीत फेलातांखाली पाच जण होते. मी वाचत गेलो. सुलेमान, ती गप्प. याकूबू, गप्प. बेल्लो म्हणताच तिने ओढणी तोंडावर ओढली.

मला माझी आई आठवली. रेशन ऑफिसात अब्बांचं नाव विचारलं की तीही अशीच पदर ओढून दुसऱ्या कुणाकडे तरी बघायची. थोरला का, असं विचारलं, तर म्हातारीने मान डोलावली. त्यांच्यात आईने पहिल्या मुलाचं नाव जन्मभर घ्यायचं नसतं, असं ती ओढणीआडून म्हणाली. सकाळभर मी तिला खोटारडी समजत होतो, याची मला लाज वाटली.

कॅम्पला फोन करून बेल्लोला लगेच पाठवायला सांगितलं. दोन वाजले तरी मुलाचा पत्ता नाही. ड्रायव्हर यल्ला, यल्ला करू लागला, तेव्हा सही राहिलीय अशी थाप मारून मी त्याला अडवलं. मग सायरन झाला आणि त्याने माझं काही न ऐकता बस सुरू केली.

तेवढ्यात धुळीने माखलेला एक उंच माणूस फाटकातून धावत आला. आवारात चार बस निघायच्या बेतात होत्या. तो पहिलीकडे धावला; ती चौथीत होती. सगळेच मास्क लावून बसलेले, त्याला आई कुठून दिसणार? मी ओरडलो, पण आवाज माझ्याच मास्कमध्ये राहिला.

म्हातारीने मास्क ओढून काढला, खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि हाक मारली, "बेल्लो!"

तो वळला नाही. चाळीस वर्षांत या आवाजात हे नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तिला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली, तेव्हा तो वळला तो रडतच.