रंगाचा आणखी एक हात

“भाकरीला पुट्टीचा वास यायलाय,” मल्लव्वा पुटपुटली. कुणाला उद्देशून नाही. पण मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत पुटपुटलेलंसुद्धा सगळ्यांना ऐकू जायचं. “आमटीत पुट्टी, अंथरुणात पुट्टी. सकाळी पूजेला बसले तर इभूत लावली का पुट्टी, तेच कळंना.”

तिचा मुलगा विरूपाक्ष उंबऱ्याबाहेर स्कूटरपुढं उकिडवा बसला होता. ओला पॉलिश पेपर बाजूच्या फुगीर पत्र्यावर गोल गोल फिरवत होता. मध्येच थांबून त्यानं डोळे मिटले आणि पत्र्यावरून अंगठा नेला.

“हितं अजून उंचवटा हाय, अव्वा.”

“उंचवटा तुज्या टाळक्यात हाय.”

आत पोळपाट धुणारी नीलाक्का हसली. नवरा आणि सासू यांचं असं जुंपलं की तिला बरं वाटे. निदान त्याचा आवाज तरी ऐकू यायचा.

विरूपाक्ष शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होता. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचे, त्यांतल्या चिरा बुजवायच्या, घासायचे, रंगवायचे, हे त्याचं आयुष्य. लाकडात केसाएवढी खोट राहिली तर ती ओतलेल्या प्रत्येक तुकड्यात उतरते, हे तो मुंजीत भटजीनं मंत्र सांगावा तसं सांगे. त्यामुळं स्कूटर गॅरेजला टाकायची नाही, सगळं आपल्याच हातानं करायचं, असं त्यानं जाहीर केलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नव्हतं. नवल नंतर वाटायला लागलं.

चैत्रात नवराबायको हुपरीहून, नीलाक्काच्या माहेराहून, परत येत होती. वळणावर कुठल्याशा ट्रकमधून वाळू सांडलेली. स्कूटर घसरली. विरूपाक्षची पँट फाटली, बाकी काही नाही. नीलाक्काचा हात मोडला. ज्येष्ठात प्लास्टर निघालं, हात पहिल्यासारखा झाला. ती पुन्हा राजारामपुरीतल्या शिवणक्लासात शिकवायला जाऊ लागली. स्कूटर मात्र अजून बरी व्हायची होती.

पत्रा त्यानं लाकडी हातोड्यानं ठोकून सरळ केला. इंजिन तर गणपतीच्या आधीच सुरू झालं. मग पुट्टी. मग घासणं. मग पहिला रंग. रंगासाठी त्यानं ढेकणांवर मारायचा फ्लिटचा पंप वापरला. वाऱ्याची दिशा मात्र नमुन्यासारखी मापात नव्हती. स्कूटर मोरपंखी झाली, शेजारच्या तानाबाईचं मांजर झालं आणि वाळत घातलेलं मल्लव्वाचं पांढरं लुगडंही झालं.

“ठिपके बरे दिसत्यात की,” तानाबाई म्हणाली.

“मग तुज्या मांजराला नेसव,” मल्लव्वा म्हणाली.

नीलाक्काचा भाऊ बसवेश हुपरीला पैंजण करायचा. तो हौसेनं हेडलाइटची कडी आणि आरशाची दांडी घेऊन गेला. पॉलिश करून आणतो म्हणाला. आणली ती चांदीचा मुलामा चढवूनच.

“काळी पडली की रिठ्यानं धुवायची, भावजी,” त्यानं बजावलं. “घुंगरं लावणार हुतो, पण अक्का नको म्हणाली.”

“लाव की. हॉर्नचा खर्च वाचंल,” कृष्णात म्हणाला.

कृष्णात समोर राहायचा आणि त्याच फौंड्रीत भट्टीवर होता. हल्ली विरूपाक्ष त्याच्याच मोटारसायकलवर मागं बसून कामाला जाई. कृष्णातचा आवाज भट्टीवर कमावलेला. पेठेत कुणाच्या सुनेला दिवस गेले तर तिच्या आधी त्याच्या तोंडून गल्लीला कळायचं. पण वळणावर विरूपाक्ष मागून शर्ट घट्ट धरतो, एकदा तर खिसाच उसवला, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. वळण आलं की तो मुकाट्यानं वेग कमी करी. खिसा नीलाक्कानं शिवून दिला. कसा उसवला, हे तिनं विचारलं नाही.

तिला स्कूटर हवी होती ती बसचा कंटाळा आला म्हणून नव्हे. दोन खोल्यांच्या घरात बोलायचं ते सासूच्या देखत. म्हणजे मीठ संपलं, पाणी आलं, एवढंच. लग्न झाल्यापासूनची सगळी खरी बोलणी स्कूटरवर झालेली. तिचं तोंड त्याच्या कानाशी. क्लासातल्या पोरींच्या भानगडी, त्याच्या साहेबाचा तोतरेपणा, मूल होत नाही म्हणून एकदाच काढलेलं रडू, सगळं तिथलं. उमा टॉकीजपाशी भांडण सुरू झालं तर राजारामपुरीत शिरेपर्यंत मिटवावं लागे. पुढं त्याला कामावर जायचं असे. ज्येष्ठापासून ती बसमध्ये दांडी धरून उभी राहत होती, आणि कानाशी कंडक्टर ओरडत होता.

पुन्हा पुट्टी लागली. पुन्हा मोरपंखी. दर वेळी तो डोळे मिटून अंगठा फिरवी आणि म्हणे, “आजून एक हात मारला पाहिजे.” सगळे म्हणत, कारागीर माणूस, त्याच्या मनाला पटल्याशिवाय सोडायचा नाही. हे म्हणायला सोपं होतं.

शेवटी मल्लव्वानंच फर्मान काढलं. “खंडेनवमीला गाडीची पूजा हुणार. मग ती हिरवी असू दे न्हाय तर उघडी.”

नवमीला सकाळी त्यानं करवत, रंधा, पटाशी अशी हत्यारं पाटावर मांडली. शेजारी स्कूटर. ती इतकी सुंदर दिसत होती की तानाबाईचं मांजरही लांबून बघत बसलं. मल्लव्वानं हेडलाइटवर तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. बसवेश पेढे घेऊन आला होता.

“हाणा की पावणं आता एक राऊंड!” कृष्णात ओरडला. “रंकाळ्याला जाऊन या. नवीन जोडप्यागत!”

विरूपाक्ष सीटवर बसला. हँडल धरलं. सोडलं. मग खाली वाकून बाजूच्या पत्र्यावर अंगठा फिरवू लागला.

“हितं जरा फुगल्यागत लागतंय,” तो म्हणाला. “आज ऱ्हाऊ दे. आजून एक हात...”

कृष्णात पेढ्याच्या पुड्याकडं बघत राहिला. मल्लव्वानं आरतीतली वात उगाच सारखी केली.

नीलाक्कानं ओले हात पुसले. पदर खोचला आणि मागच्या सीटवर येऊन बसली.

“अगं, उतर,” तो वळून न बघता म्हणाला. “आधी मी एकटा जाऊन येतो.”

“जाणार हाय व्हय एकटं?”

त्यानं पुन्हा हँडल धरलं.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा थरथरत होता. इंजिनामुळं म्हणावं, तर इंजिन अजून सुरूच झालेलं नव्हतं. ती नेहमीसारखी त्याच्या कानाशी वाकली. पण बोलली ती सासूला, भावाला, कृष्णातला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“अवो,” ती म्हणाली, “भ्या मलाबी वाटतंय. मारा किक.”