उसनं अवसान

बोक्याला पुन्हा ताप भरला तेव्हा त्याच्या आईने थर्मामीटर झटकून परत काखेत लावला. चूक थर्मामीटरचीच असावी अशी तिची फार इच्छा होती. पारा मात्र आधीपेक्षा थोडा वरच गेला.

रक्ततपासणीच्या ज्या लॅबमध्ये ती काम करायची, तिथे तिला सगळे सुई म्हणत. कितीही रुसलेली शीर असो, हिला ती पहिल्याच टोचण्यात सापडायची. घरी मात्र ती आई होती, आणि आई झालेल्या माणसाची अक्कल बऱ्याचदा काखेत कळसा नि गावाला वळसा अशी फिरते.

बोका हे पोराचं लाडाचं नाव. जन्मापासून गुबगुबीत, दूध दिसलं की डोळे मिटून तुटून पडणारा. पहिले काही महिने त्याला साधी शिंकही आली नाही. मग कान फुटला. तो बरा होतो न होतो तोच छाती भरली, मग दुसरा कान. औषध चालू असेतो पोर खिदळायचं, थांबलं की पुन्हा मलूल.

"तुझ्या दादाचंही असंच सुरू झालं होतं," सुईची आई दारातच चपला काढता काढता म्हणाली. नातवाला सांभाळायला ती रोज यायची. "आधी कान, मग छाती."

"आई, सकाळी सकाळी नको ना."

दादा म्हणजे सुईचा थोरला भाऊ. ती जन्मायच्या आधीच तो गेला, धड बोलायलाही न लागता. कधी न पाहिलेल्या त्या तान्ह्या पोराला सुई जन्मभर दादा म्हणत आली होती. आईला शिवणकारखान्यात कामावर परत जावं लागलं म्हणून त्याचं दूध लवकर तुटलं होतं. पोर गेल्यावर सासू तिला तोंडावर म्हणाली होती, "दूध तोडलंस, पोर तोडलंस." सासू गेली, पण हे वाक्य काही गेलं नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आईचं उभं आयुष्य फुंकर घालण्यात गेलं होतं, आणि बोका जन्मल्यावर तर तिने घर डोक्यावर घेतलं. शेवटी वैतागून सुईने दोन महिन्यांच्या बोक्याचं रक्त लॅबमध्ये नेलं आणि त्यातलं अँटिबॉडीचं प्रमाण तपासलं. अगदी झकास आलं.

"तुझ्या नातवाकडे अँटिबॉडी भरपूर आहेत," तिने आईला ठणकावलं होतं. "आता दादाचा विषय बंद." बोका आजारी पडायला लागेपर्यंत आईने तोंडाला कुलूप लावलं. तेव्हापासून मनात पाल चुकचुकली की सुई तो आकडा आठवायची आणि जिवात जीव आणायची.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी बोक्याची छाती तपासली, कानात पाहिलं, मग चमचा घालून घसा पाहिला. चमचा बाहेर काढला आणि पुन्हा घातला. सुईला ते दुसऱ्यांदा पाहणं मुळीच आवडलं नाही.

"घसा अगदी मोकळा आहे. टॉन्सिल दिसतच नाहीत."

"दादाच्या वेळचे डॉक्टरही हेच म्हणाले होते," आई मागून बोलली. "छान मोकळा घसा आहे म्हणाले. मी तर खूश झाले होते."

डॉक्टरीणबाईंनी वळून विचारलं, "कोण दादा?"

आईने सांगितलं. बाईंचा चेहरा गंभीर झाला, तशी सुई घाईघाईने मध्ये पडली. "पण मी बोक्याच्या अँटिबॉडी तपासल्यात. उत्तम होत्या."

"कधी तपासल्या?"

"दोन महिन्यांचा होता तेव्हा."

बाईंनी पेन खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. तेव्हा सुईला आठवलं. हे ती शिकली होती, परीक्षेत लिहून आली होती. बाळ पोटात असतानाच आईच्या अँटिबॉडी नाळेतून त्याच्या रक्तात उतरतात, काही महिने पुरतात आणि विरून जातात. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर तिने लॅबभर त्याचं हसू केलं असतं.

"त्या माझ्या होत्या," ती म्हणाली. "मी माझंच रक्त तपासून आले."

"आता त्याच्या बी पेशी मोजू," डॉक्टरीणबाई हळुवारपणे म्हणाल्या. "त्या काही आईकडून उसन्या मिळत नाहीत."

बोक्याला तिथेच भरती केलं. त्याचं रक्त सुईच्याच लॅबकडे रवाना झालं. खाटेशी बसून आईने विचारलं, "बी पेशी म्हणजे गं? कशाचं बी?"

"ए, बी, सी मधलं बी, आई."

"बरं. ते कुठे पेरतात?"

सुईला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तिने सांगायला घेतलं, कारण गप्प बसली असती तर भलतंसलतं मनात आलं असतं. मन चिंती ते वैरी न चिंती. "हाडांच्या आतल्या मगजात त्या तयार होतात. रोज, मोजता येणार नाहीत इतक्या. प्रत्येक पेशी आपापला एक साचा जुळवते, एकीसारखा दुसरीचा नाही. जी आपल्याच अंगावर उठते तिला बहुधा तिथेच निकालात काढतात. बाकीच्या रक्तात उतरतात. आपल्या साच्यात बसणारा जंतू भेटला की ती पेशी वाढते. तिच्या काही लेकी अँटिबॉडी ओतत सुटतात, काही तो जंतू लक्षात ठेवून बसतात."

"आणि त्या अँटिबॉडी मारतात जंतूला?"

"त्या चिकटतात त्याला. छातीत जातो ना, तो जंतू गुळगुळीत असतो. त्याला गिळणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, पण त्यांच्या हातून तो निसटतो. अँटिबॉडी चिकटली की त्याला कान फुटतात, कढईला असतात तसे. मग धरता येतो."

आईने बोक्याच्या कपाळावर हात ठेवला. "आणि याचं बी रुजलंच नसेल तर?"

सुई उठली. "मी लॅबमध्ये जाऊन येते," ती म्हणाली. आवाजात उसनं अवसान आणलं होतं, ते आईला कळलं असणार.

पेशी मोजायच्या यंत्रावर स्वतःच्याच मुलाचं रक्त चढवायला तिला परवानगी नव्हती. ते तिच्याबरोबर काम करणाऱ्या टकलूने चढवलं; तो एरवी दिवसभर विनोद करायचा. आज त्याने मान वर न करता तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

पडद्यावर ठिपके उमटायला लागले, एकेक पेशीचा एकेक ठिपका. एका कोपऱ्यात टी पेशींचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पेशींचा, दाट पुंजका जमला. त्या तर होत्या, भरपूर होत्या. सुई समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. बी पेशींची जागा ती. हजारो लोकांच्या रक्तात तिने तिथे ठिपके पाहिले होते. एक ठिपका आला, आणि तो भलतीकडेच सरकला.

"नळी पुन्हा लावतो," टकलू म्हणाला.

"लाव."

त्याने पुन्हा लावली. कोपरा पांढराच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. मगजात बी पेशींची सुरुवात होते, पण एका पायरीवर त्या अडतात आणि पुढे पिकतच नाहीत. टॉन्सिल बहुतांशी याच पेशींनी भरतात, म्हणून घसा इतका मोकळा. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, आई स्वतः मात्र ठणठणीत असते. उपाय आहे. लोक रक्त देतात, त्यातून गोळा केलेल्या अँटिबॉडी शिरेतून द्यायच्या. त्या विरत जातात, म्हणून दर महिन्याला पुन्हा द्यायच्या.

"किती महिने?" आईने विचारलं.

"जन्मभर. पण मोठा होईल तो. शाळेत जाईल, धिंगाणा घालेल."

त्या दिवशी बोक्याची शीर रुसली. नर्सने दोनदा प्रयत्न केला, मग सुईने गुपचूप हात पुढे केला. एका टोचण्यात सापडली. बाटलीतून अँटिबॉडीचं औषध थेंब थेंब उतरायला लागलं आणि बोका रडून थकून झोपला. नर्स गेल्यावर सुई खाली बसली आणि मग पोटभर रडली. आईने तिला रडू दिलं.

सुईने डोळे पुसल्यावर आई म्हणाली, "दादाच्या अंगात सुरुवातीला जे होतं, ते कुणाचं?"

"तुझं. तू पोटातच दिलेलं."

"दूध तोडलं म्हणून संपलं का ते?"

"नाही गं. दूध पाजत राहिली असतीस तरी ते संपलंच असतं." सुईने तिचा हात धरला. "दोष आपल्याकडून गेला, तुझ्याकडून आणि माझ्याकडून. पण दूध तोडल्याने काही झालं नाही. उलट पहिले काही महिने तो तुझ्याच जोरावर जगला."

आई वर बाटलीकडे पाहत होती. "हे कुणा एकाचं आहे?"

"नाही. हजारो लोकांचं मिळून एक बाटली भरते. एकाचं पुरत नाही."

आईने मान हलवली. हिशेब पटल्यासारखी ती हळूहळू हलवतच राहिली.

"दादाला मी एकटीच होते," ती म्हणाली.