ताईंचा कॉम्प्युटर

सामीसोनी स्वभावाने कटकट्या होता आणि त्याचं कामही कटकट्या माणसालाच जमेल असं होतं. टोंगातल्या आमच्या बेटावरच्या इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. अपडेट आलं की तो वॉर्डावॉर्डात फिरून लोकांच्या मागे लागायचा आणि तो दिसला की लोक चहाचा कप उचलून पसार व्हायचे. त्याला ध्यास एकच, आपल्या समोरच्या यादीत प्रत्येक नावापुढे अपडेट झाल्याचा हिरवा ठिपका दिसला पाहिजे. एक जरी लाल राहिला तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या बुधवारी आलेली सूचना मात्र नेहमीची नव्हती. प्रोग्रॅममध्ये भोक सापडलंय, चोर त्यातून आत शिरताहेत, परदेशात इस्पितळंच्या इस्पितळं बंद पडली आहेत, तेव्हा आजच्या आज ते बुजवा, असं तिच्यात लिहिलं होतं. सामीसोनीने रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई घट्ट केली आणि निघाला.

"आलं भूत," बाळंतिणींच्या वॉर्डातली आकानेसी नर्स म्हणाली. "अरे, इकडे बाळ येतंय, तिकडे तुझं अपडेट येतंय. कोणाला आधी धरू?"

"बाळ अडलं तर डॉक्टर आहे. हे अडलं तर कोणी नाही. ऊठ तिथून."

"बायको कशी नांदते रे तुझ्यापाशी? तिलाही दर आठवड्याला बंद करून चालू करतोस का?"

"ती बंद होते कुठे?"

बाळंतिणी पोट धरून हसल्या आणि त्या हसण्यात सामीसोनीने आपलं काम उरकून घेतलं. असं करत करत संध्याकाळपर्यंत तो पडवीच्या टोकाला पोचला. तिथे रोग्यांच्या नोंदींची खोली होती. तिच्या काचेच्या दारापाशी तो थबकला. आत लोसालीनेताई बसल्या होत्या.

लोसालीने ही त्याची सख्खी थोरली बहीण. टोंगात भाऊबहीण म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला पुढचा सगळा प्रकार खुळेपणाचा वाटेल. वाटो बापडा. मिसरूड फुटलं की मुलगा बहिणीच्या छपराखाली झोपत नाही, तिच्या खोलीत पाय ठेवत नाही, तिच्या चटईवर बसत नाही. ती जवळपास असली की वावगा शब्द तोंडातून काढत नाही. ज्या घरात हे पाळलं जात नाही त्या घराला लोक नाकं मुरडतात, आणि सामीसोनीचं घर तर पाद्र्याचं. ताईंच्या खुर्चीत बसायचं, त्यांच्या कॉम्प्युटरवर बोटं चालवायची, त्यात त्यांचं काय काय असेल ते बघायचं, हे त्याच्या कल्पनेतसुद्धा बसणारं नव्हतं.

आधी ताईंचा कॉम्प्युटर त्याच्या हाताखालचा पेनी बघायचा. पेनी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला आणि तिकडचाच झाला. त्यानंतर एकदा सामीसोनी आपल्या जागेवरून सगळ्यांची तपासणी करत होता. यादीतल्या नावावर टिचकी मारली की त्या माणसाचा स्क्रीन आपल्यासमोर उघडायचा. चुकून ताईंच्या नावावर टिचकी पडली. ऑकलंडला दुसरा संसार थाटून बसलेल्या नवऱ्याला ताई पत्र लिहीत होत्या. दोन ओळी वाचून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय वाचतोय. त्याचे कान तापले. नळाखाली डोकं धरलं तरी शरम जाईना. त्याच दिवशी त्याने ताईंचं नाव यादीतून काढून टाकलं. नाव नाही तर चूक नाही. तेव्हापासून यादी कशी छान हिरवीगार दिसू लागली. सारी गोम तिथेच होती.

दारापाशी तो बराच वेळ घुटमळला. मग परत फिरून आकानेसीला म्हणाला, "ताईंना एवढं सांगशील? कॉम्प्युटर विचारेल, आता करू की नंतर. 'आता' दाबायचं म्हणावं."

आकानेसी जाऊन आली. "त्या म्हणाल्या, बाहेर रांग लागलीय, नंतर बघू."

दुसरं कोणी असतं तर सामीसोनी त्याच्या डोक्यावर बसला असता. पण थोरल्या बहिणीला एकच गोष्ट दोनदा सांगणं म्हणजे हुकूम सोडणं. तो तिथूनच निघाला. खोलीत येऊन त्याने यादी पाहिली. सगळं हिरवं होतं. त्या रात्री तो पोटभर जेवला.

शुक्रवारी ताईंची मुलगी सेइनी रक्त तपासायला आली. वय एकोणीस. लहानपणी तापाने तिचं हृदय खराब केलं होतं. न्यूझीलंडला नेऊन त्यात धातूची झडप बसवून आणलेली. झडपेत रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. त्या कमी पडल्या तर गाठ, जास्त झाल्या तर आत कुठेही रक्तस्राव. म्हणून दर महिन्याला शुक्रवारी रक्त द्यायचं आणि सोमवारी लॅबमधून फोन यायचा की एवढ्या गोळ्या घे.

भाची म्हणजे मामाच्या डोक्यावरची मालकीणच. तिने मागावं आणि मामाने द्यावं, तिने न मागता उचललं तरी मामाने हसावं. सेइनी आली ती थेट त्याच्या टेबलावर बसली आणि त्याचा डबा उघडला.

"मामा, मामीने अळूच्या पानांचं लू केलंय की चिखल? नारळाचं दूध विसरली वाटतं."

"मग खाऊ नकोस."

"खाते ना. तुझ्यावर दया म्हणून." अर्ध्याहून जास्त डबा फस्त करून तिने त्याची छत्रीही उचलली. "ही पण नेते. आणि असं तोंड काय करून बसलास? आईने काही म्हटलं?"

"तुझी आई मला काय म्हणणार?"

"तेच तर. तुम्ही दोघं एका इमारतीत काम करता आणि निरोप माझ्या हातून पाठवता. उद्या मी लग्न करून गेले की काय कबुतर पाळणार?"

"आधी तुला कोणी करून तर घेऊ दे," मामा म्हणाला आणि ती खिदळत, त्याचीच छत्री गरगर फिरवत निघून गेली.

रविवारी आमच्या बेटावर देवाखेरीज कोणी कामाला नसतं. हे चोरांनाही ठाऊक असावं. सोमवारी सकाळी इस्पितळातला प्रत्येक कॉम्प्युटर एकच तांबडा मजकूर दाखवत होता: तुमचं सगळं आमच्या कुलपात आहे, सोडवून घ्यायचं असेल तर पैसे मोजा. रोग्यांच्या नोंदी गेल्या, औषधांचा हिशेब गेला, लॅबची यंत्रं गेली. जपून ठेवलेली दुसरी प्रतही त्याच जाळ्यात जोडलेली होती, तीही गेली. सामीसोनी दिवसभर तारा उपटत पळत होता. दुपारी त्याला माग लागला. चोर कुठून आत आला ते त्याला नीट दिसलं. नोंदींच्या खोलीतून. त्या दिवशी त्याने तो माग कोणाला दाखवला नाही.

त्या सोमवारी सेइनीला फोन गेला नाही. कसा जाणार? तिने आपल्या नेहमीच्या गोळ्या घेतल्या.

मंगळवारी दुपारी तिला पिकअपच्या मागे चटईवर निजवून आणलं. डोकं फुटेल इतकं दुखत होतं, उलट्या होत होत्या, उजवा हात लुळा पडला होता. वेआ डॉक्टर तिला तपासून तडक सामीसोनीच्या खोलीत आले.

"सेइनीचा शुक्रवारचा आकडा काढून दे, रक्त किती पातळ आहे तो."

"डॉक्टर, लॅबचं यंत्र..."

"मला माहितीय. ऐक. तिच्या मेंदूत एक तर गाठ अडकलीय, नाहीतर रक्तस्राव होतोय. वरून दोन्ही सारखंच दिसतं. गाठ असेल तर रक्त आणखी पातळ करायचं, स्राव असेल तर घट्ट करायचं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर तिला मीच मारलं असं होईल. मेंदूचा फोटो काढायचं यंत्र इथे नाही. नव्याने तपासायचं तर यंत्रच बंद. काचेच्या नळीत रक्त धरून गोठतंय का ते पाहिलं, धड काही कळत नाही. मला एकच आकडा पाहिजे रे."

"लॅबवाल्याला आठवत असेल."

"नमुना यंत्रात ठेवून तो गाण्याच्या तालमीला गेला. आकडा यंत्राने मागाहून काढला. माणसाने तो पाहिलेलाच नाही."

सामीसोनी लॅबच्या यंत्रापुढे बसला. जेवढं येत होतं तेवढं सगळं त्याने केलं. मग जे येत नव्हतं तेही केलं. तांबडा मजकूर हलला नाही. राजधानीहून विमान बोलावलं होतं, ते सकाळी उजाडल्याशिवाय सुटणार नव्हतं. पडवीत ताई जमिनीवर बसून होत्या. तो पडवीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. मध्ये चार बाकं होती आणि ती ओलांडायचं धैर्य त्याला झालं नाही.

वेआ डॉक्टरांनी कुठलंच औषध दिलं नाही. ते रात्रभर तिचा हात धरून बसले. विमान उतरायच्या आधीच सेइनी गेली.

मयताच्या घरी मामाकडची माणसं सगळ्यांत खालच्या पायरीची. सामीसोनीने गळ्यापर्यंत येणारी फाटकी, जाडीभरडी चटई गुंडाळली आणि मागच्या अंगणात जमिनीतल्या भट्टीपाशी जाऊन बसला. मयताजवळ जायचा त्याला हक्क नव्हता. पुढे बायकांची भजनं चालली होती. तो रताळी सोलत होता, डोळ्यांना धूर लागत होता, आणि रडायला ते निमित्त बरं होतं.

भट्टीमागे पावलं वाजली. त्याने वर पाहिलं तर ताई उभ्या. जिथे त्यांनी कधी यायचं नाही तिथे आलेल्या. तो धडपडत उठला आणि मान खाली घातली.

"सामीसोनी, उद्या राजधानीचा साहेब चौकशीला येतोय. मी त्याला सांगणार आहे की तू दोनदा येऊन मला सांगितलंस आणि मी ऐकलं नाही."

"ताई, मी आलोच नाही. तुमचं नाव यादीतूनच काढलं होतं मी."

"दारापर्यंत आला होतास. काचेतून दिसलास. मी मुद्दाम मान वर केली नाही, म्हटलं, बिचाऱ्याला ओशाळं होईल." त्यांचा आवाज कोरडा होता. "ते यंत्र रोज विचारायचं, आता करू की नंतर. मी 'नंतर' दाबायचे. आकानेसीचा निरोप आला तरी वाटायचं, भावाचं काम आहे, त्याच्या कामात मी कशाला हात घालू? तो पाठवेल कोणाला तरी. मी तुझी वाट बघत होते, सामीसोनी."

त्याला हुंदका आला.

"रडू नकोस. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. आता कोणासाठी कमवायचंय मला? तुला पोरं आहेत. मी सांगेन तसंच तू सांगायचं. हा माझा शब्द आहे."

बहिणीचा शब्द त्याने जन्मात मोडला नव्हता. त्याने मान हलवली. ताई आल्या वाटेने परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी राजधानीच्या कॉम्प्युटर खात्याचे फोनुआ साहेब त्याच्याच खोलीत येऊन बसले. चाळिशीचे, गळ्यात क्रूस, कमरेला स्वच्छ विणीची चटई. राजधानीच्या माणसांनी लॅबचं यंत्र तेवढं सोडवलं होतं. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. शुक्रवारचा आकडा. सेइनीचं रक्त पाण्यासारखं झालेलं होतं. सोमवारी नुसता एक फोन गेला असता, गोळ्या थांबव म्हणून, तर पोरगी आज त्याचा डबा खात बसली असती.

"तुमच्या बहिणीचा जबाब झालाय," साहेब म्हणाले. "तुम्ही दोनदा बजावलंत, तिने टाळलं. बरोबर?"

सामीसोनीने कागदाकडे पाहिलं.

"माझी बहीण खोटं बोलली," तो म्हणाला. "मी बजावलं नाही, एकदा नर्सकरवी निरोप पाठवला तेवढंच. मी तिचा कॉम्प्युटर यादीतून काढला होता. तिचं खाजगी माझ्या नजरेला पडू नये म्हणून. मी तिचा मान राखत होतो. यादी हिरवी दिसायची. मला माहीत होतं की ती खोटी हिरवी आहे, आणि तरी मी रोज ती बघून खूश व्हायचो. भाचीला मी मारलं, साहेब. लिहा."

साहेबांनी लिहिलं नाही. त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरला. मग ते उठले, पडवीत गेले आणि खिशातून फोन काढला. खिडकी उघडी होती.

"हॅलो, मी बोलतोय. हातातलं काम सोड. वरच्या मजल्यावर जा, माझ्या बहिणीच्या टेबलाशी... हो, तिचाच कॉम्प्युटर. नाही, यादीत नाही दिसणार. मला माहीत आहे दिसणार नाही, मीच काढलाय." पलीकडच्याने काहीतरी विचारलं. "वर्ष झालं असेल. नाही, मी परत येईपर्यंत थांबू नकोस, आत्ता जा. तिची परवानगी नको मागत बसूस. इथे या मानापायी एक पोर मेलीय... काय? अरे, मी कसा बसणार तिच्या खुर्चीत? तूच जा."